टिलीला लागलेलं संतपण

माझी धाकटी बहीण टिली हिला जेवढ्या शिव्या येत, तेवढ्या आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत कुणाला येत नसत. नॉर्थ डकोटात आमचं गव्हाचं शेत होतं. मळणीच्या दिवसांत परगावचे गडी यायचे, त्यांच्याकडून ती शिकली. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि वडील चार दिवसांतून एकदा बोलायचे. अशा घरात ही पोर कोठाराच्या पायऱ्यांवर उभी राहून पाद्रीबुवांची हुबेहूब नक्कल करायची, आणि एकदा खुद्द पाद्रीबुवा कुंपणापलीकडे उभे राहून डोळे पुसेपर्यंत हसले होते. ती लोकांना हसवायला जन्मली होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हे कुणाला सांगून पटलं नाही.

वडील गेले, शेत मोठ्या भावानं घेतलं आणि आम्ही दोघी लॉस एंजलिसला आलो. मी बोर्गहिल्ड, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला शिवण येत होतं, मी एका मोठ्या दुकानात बायकांचे झगे आवळू-सैल करायला लागले. टिली स्टुडिओंच्या फाटकांवर उभी राहायची. तिला पहिलं काम मिळालं ते केकवर तोंडघशी पडण्याचं. दुसरं, शिडीवरून रंगाच्या बादलीत पडण्याचं. घरी आली की काळेनिळे गुडघे दाखवत ती मला सगळा प्रसंग पुन्हा करून दाखवायची आणि आम्ही हसून हसून कॉटवर आडव्या व्हायचो. क्रेस्टमाँट स्टुडिओनं तिला करारावर घेतलं तेव्हा पहिलं काय केलं असेल तर नाव बदललं. ओटिली ब्राँडवोल्ड हे नाव थिएटरच्या पाटीवर मावणार नाही म्हणाले. ती क्लेअर मेरियम झाली. क्लेअर मेरियम चार वर्षं भोचक शेजारीण, वेंधळी मोलकरीण, बडबडी टेलिफोनवाली झाली आणि सुखात होती.

मग ते ननचं काम आलं.

खरं तर ते दुसऱ्याच एका नटीसाठी होतं. ती ऐनवेळी आजारी पडली, कपडे शिवून तयार होते, आणि ते टिलीच्या मापाला बसले. एवढंच कारण. महारोग्यांच्या बेटावर जाऊन सेवा करणारी सिस्टर कॅलिस्टा. टिलीचा चेहरा गप्प असला की विलक्षण दिसायचा. रुंद कपाळ, मोठे फिकट डोळे. अडचण एवढीच होती की तो कधी गप्प नसायचा. पण ननच्या डोक्यावरची ती खळ घातलेली पट्टी कपाळावर इतकी घट्ट टाचलेली असायची की तिच्या भुवया हलेनात. दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागायचं आणि दिग्दर्शक खूश होऊन म्हणायचा, हेच, अगदी हेच, आता काही करू नकोस. पुढे ज्या नजरेला देशभर ‘स्वर्गाकडे लागलेली दृष्टी’ म्हणाले, ती डोकेदुखीची नजर होती. मी रोज संध्याकाळी तिच्या कपाळाला बर्फ लावत होते, मला ठाऊक आहे.

तो चित्रपट असा काही चालला की क्रेस्टमाँटवालेच भांबावले. लोक थिएटरात गुडघे टेकतात अशा बातम्या यायला लागल्या. टिलीला त्या वर्षीचं मोठं बक्षीस मिळालं. आईचं पत्र आलं, की अभिनयाबद्दल तिचं काही म्हणणं नाही, पण लूथरपंथी घरातल्या मुलीनं पोपच्या पंथाचा झगा घातला हे वडिलांनी पाहिलं नाही ते बरंच झालं. टिलीनं ते पत्र पाद्रीबुवांच्या आवाजात वाचून दाखवलं. तेव्हा अजून तिला हे सगळं गमतीचं वाटत होतं.

पुढचं काम मिशनरी बाईचं. त्याच्या पुढचं, आंधळ्या मुलीच्या आईचं. मग रणांगणावरची नर्स, मग छळ सोसून मरणारी राणी. तिनं विनोदी काम मागितलं तेव्हा स्टुडिओचे मालक मिस्टर झेलर तिला समजावून म्हणाले की लोकांना तू जशी हवी आहेस तशीच तू आहेस, असं भाग्य कितीजणींच्या वाट्याला येतं? मग प्रसिद्धी खात्याचा प्रमुख हॅप डनलेव्ही घरी आला. जाडजूड, प्रेमळ माणूस, माझ्या हातची कॉफी त्याला फार आवडायची. त्यानं कॉफी पीत पीत नियम सांगितले. चारचौघांत सिगारेट नाही. बिअर नाही. पोहण्याच्या कपड्यांत फोटो नाही. हॉटेलात पुरुषाबरोबर जेवण नाही. मोठ्यांदा हसणंही जरा बेतानं. मलासुद्धा सांगितलं की बोर्गहिल्डबाई, तुम्ही त्या पत्त्यांच्या क्लबात जाता ते आता सोडलेलं बरं.

स्टुडिओनं आम्हाला टोलुका लेकला घर दिलं. उंच कुंपण, लोखंडी फाटक, मागे संत्र्यांची बाग. रस्त्यापलीकडे एक निळी गाडी उभी असायची. हॅप म्हणे, तिच्या रक्षणासाठी.

करार सात वर्षांचा होता. नको असलेलं काम नाकारलं की नटीला घरी बसवायचे आणि जेवढे महिने घरी बसली तेवढे कराराच्या शेवटी जोडायचे. टिलीनं एकदा नाकारलं, दोनदा नाकारलं, तिसऱ्यांदाही नाकारलं. मग एके दिवशी स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता म्हणाली, “बोर्गी, तुरुंगात नीट वागलं तर शिक्षा कमी तरी होते. माझी वाढतेच आहे.” चौथं काम तिनं मुकाट्यानं घेतलं. पुन्हा नन.

एमेट रोआर्क तिला मिशनरी बाईच्या वेळी भेटला होता. तो घोड्यांवरून पडण्याचं काम करायचा. नायक गोळी लागून पडतो ना, तेव्हा पडायचा तो एमेट. टिलीला खेचरावर बसून डोंगर चढायचा होता आणि ते खेचर जागचं हलेना. सगळे लोक जेवायला गेलेत असं समजून तिनं त्या खेचराला त्याच्या सात पिढ्यांसकट उद्धारलं. झाडामागे एमेट खोगीर दुरुस्त करत बसला होता. तो हसत हसत बाहेर आला आणि म्हणाला, “सिस्टर, शेवटचं वाक्य जरा हळू सांगा, मला पाठ करायचंय.”

अंगानं काटकुळा, ओक्लाहोमाचा, कमी बोलणारा, आणि हसला की पूर्ण हसणारा. बायकोपासून कायद्यानं मोकळा झाला होता. एक मुलगी होती, ती आईकडे. म्हणजे क्लेअर मेरियमच्या दृष्टीनं त्याच्याइतका अशक्य माणूस सापडला नसता. चर्चच्या मंडळ्या तेव्हा चित्रपटांवर बहिष्कार घालायच्या, आणि घटस्फोटिताशी लग्न म्हणजे त्यांच्या लेखी पापच. तरी टिली हॅपकडे गेली. हॅपनं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, “पोरी, तुला तो आवडतो हे मला दिसतंय. मला त्याचं वाईटही वाटतं. पण पंधरा हजार बायकांनी आपल्या मुलींची नावं तुझ्यावरून ठेवलीत. त्यांना काय सांगू?”

म्हणून एमेट मागच्या संत्र्यांच्या बागेतून यायचा, कुंपणाच्या फटीतून, चोरासारखा. आमच्या स्वयंपाकघरात बसून बीन्स आणि कॉर्नब्रेड खायचा. खिडकीचे पडदे लावलेले. टिली त्याला स्टुडिओतल्या लोकांच्या नकला करून दाखवायची, पण आवाज दाबून, कारण रस्त्यावर निळी गाडी. दाबलेल्या आवाजात हसणारी ती दोघं पाहिली की माझाच जीव गुदमरायचा. असं किती वर्षं चालावं? एमेट म्हणायचा, चल, दोघं निघून जाऊ. ती म्हणायची, गेले तर कुठल्याच स्टुडिओच्या फाटकातून तुलाही आत घेणार नाहीत. आणि ते खरं होतं.

आणि मग ती टॅकेट नावाची बाई आली.

सकाळची वेळ. टिली बागेत पायजमा घालून गुलाब छाटत होती. फाटकाशी एक वाळलेली बाई उभी, कडेवर चार वर्षांचा मुलगा, तापानं लाल. बेकर्सफील्डच्या कापसाच्या शेतांवरून आली होती, कुणाकुणाच्या ट्रकमधून. तिनं टिलीला पाहिलं आणि म्हणाली, याच्या डोक्यावर हात ठेवा. टिली म्हणाली, बाई, मी नटी आहे, ते सगळं नाटक होतं.

“ते मला कळतं,” ती बाई म्हणाली. “मी अडाणी असेन, वेडी नाही. पण हात ठेवायला काय लागतं?”

काय लागतं? टिलीनं कात्री खाली ठेवली, हात पायजम्याला पुसला आणि मुलाच्या कपाळावर ठेवला. मग धावत आत येऊन आमच्या डॉक्टरला फोन केला, त्या दोघांना आमच्या गाडीतून इस्पितळात पाठवलं. मुलाला न्यूमोनिया होता. नव्या सल्फाच्या गोळ्या आल्या होत्या, त्यांनी तो वाचला.

वर्तमानपत्रात आलं त्यात डॉक्टर नव्हता, इस्पितळ नव्हतं, गोळ्या नव्हत्या. फक्त फाटक, आई, मूल आणि हात.

त्यानंतर रविवारी फाटकाबाहेर रांग लागायला लागली. खुर्चीवर बसवून आणलेली म्हातारी माणसं, पायांत लोखंडी पट्ट्या घातलेली मुलं, सैन्यात गेलेल्या मुलांच्या आया. टिलीनं हॅपला विनवलं की हे बंद करा. त्यानं बंद केलं नाही, उलट एक फोटोग्राफर पाठवला. तिनं आतून बाहेर यायचं नाही असं एका रविवारी ठरवलं, तर लोक उन्हात संध्याकाळपर्यंत उभे राहिले आणि त्यांतली एक म्हातारी चक्कर येऊन पडली. पुढच्या रविवारी टिली बाहेर गेली. माणसं हात धरून रडायची. ती प्रत्येकाला म्हणायची की डॉक्टरला दाखवा, मी कुणी नाही. ते मान डोलवायचे आणि डोकं पुढे करायचे. घरात आली की ती साबणानं हात धुवायची आणि किती वेळ धुतच राहायची. मी नळ बंद केला तर पुन्हा सोडायची.

अशाच एका रविवारी बॉइल हाइट्समधली एक आई मुलीला घेऊन आली होती. मिसेस अर्रियागा. मुलीला हृदयाचा आजार होता. त्या दिवशी रांग फार लांब होती आणि ऊन कडक होतं. टिलीनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे सरकली. ती मुलगी काही आठवड्यांनी गेली.

मिसेस अर्रियागा परत आली ती एकटी, आठवड्याच्या मधल्या वारी, काळ्या कपड्यांत. मीच फाटक उघडलं. मला वाटलं भांडायला आली. मी तिला आत घेतलं, बसायला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. टिली जिन्यावरून खाली आली.

“मुलगी गेली,” मिसेस अर्रियागा म्हणाली. “देवाची इच्छा. मी त्यासाठी नाही आले. मला एकच विचारायचंय.”

टिली म्हणाली, विचारा.

“तिच्या आधी जो मुलगा होता, त्याच्या डोक्यावर तुमचा हात बराच वेळ होता. माझ्या मुलीच्या डोक्यावरून लगेच निघाला. तुम्ही थकला होतात का?”

टिलीनं माझ्याकडे पाहिलं. मग ती त्या बाईला म्हणाली, “हो. थकले होते.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” मिसेस अर्रियागा म्हणाली. “राग नाही. माणूस थकतो. फक्त माहीत करून घ्यायचं होतं.” आणि तिनं टिलीचा हात उचलून त्याचा मुका घेतला आणि निघून गेली.

टिली त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली की बोर्गी, मी जर ढोंगी असते तर सुटले असते, पण ते लोक मला ढोंगीसुद्धा होऊ देत नाहीत. आणि मग म्हणाली, आता मला बदनाम व्हायचंय.

ती बोलली तसं तिनं केलं. न्यूहॉलला एक दारूचं दुकान होतं, तिथं घोडेवाले आणि एक्स्ट्रा लोक जमायचे. एका शनिवारी भर दुपारी तिनं लाल झगा घातला, जो मी कधीकाळी हौसेनं शिवून कपाटात ठेवला होता, आणि निळ्या गाडीसमोरून आपली गाडी काढून एमेटबरोबर तिथं गेली. जाण्याआधी तिनं स्वतः व्हेल्मा प्राइनला फोन केला. व्हेल्मा म्हणजे चित्रपटसृष्टीतल्या भानगडी छापणारी बाई. तिच्या सदरानं कित्येकांची लग्नं मोडली होती. मीही गेले. व्हेल्मा आली, फोटोग्राफर घेऊन आली. टिली बिअर प्याली, मग व्हिस्की. मग टेबलावर चढून मळणीच्या गड्यांचं गाणं म्हटलं, जे मी इथं लिहू शकत नाही. अख्खं दुकान टाळ्या पिटत होतं. एमेटनं तिला टेबलावरून उचलून खाली उतरवलं आणि सगळ्यांदेखत तिचा मुका घेतला. फोटोचे दिवे फटाफट उडाले. इतक्या वर्षांनी मी तिला मोठ्या आवाजात हसताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. टिलीनं व्हेल्माला फोन केला. मी दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकत होते.

“छापणार नाही गं,” व्हेल्मा म्हणाली. “छापलं तर लोक तुझा राग नाही करायचे, माझा करतील. म्हणतील, ही प्राइन इतकी नीच की सिस्टर कॅलिस्टालाही सोडलं नाही. तू खून कर. तरी बघू.”

हॅपला सगळं कळलं होतं. तो ओरडला नाही. कॉफीला आला, दोन कप प्याला, आणि जाताना टिलीला म्हणाला की न्यूहॉलच्या त्या दुकानाच्या मालकीणबाई सगळ्यांना सांगताहेत, त्या दिवशी क्लेअर मेरियमसारखी दिसणारी एक सवंग पोरगी आली होती, पण खऱ्या क्लेअरच्या चेहऱ्यावरचं तेज काही तिला नव्हतं.

त्यानंतर टिली शांत झाली. मला ती शांतता आवडली नाही.

पुढच्या वर्षी एमेट घोडदळाच्या एका प्रसंगात पडला. तेव्हा घोड्याच्या पायांना तार अडकवून त्याला पाडायचे, आणि तो घोडा एमेटच्या अंगावर पडला. कंबरेचं हाड मोडलं. टिलीला इस्पितळात जायची मनाई. मी त्याची आतेबहीण असल्याचं सांगून सफरचंदाचा केक घेऊन जात राहिले आणि दोघांचे निरोप इकडून तिकडे नेत राहिले. तो बरा झाला पण डावा पाय आखडला. घोड्यावरून पडायचं काम संपलं. त्याचा भाऊ लोन पाइनला डोंगराच्या पायथ्याशी चित्रपटांसाठी घोडे पाळायचा, तिथं तो गेला. निघताना मला म्हणाला, “तिला सांग, मी वाट पाहतोय असं म्हणत नाही. पण मी तिथंच आहे.”

दुसरं महायुद्ध चालू असतानाच कोर्टानं दुसऱ्याच एका नटीच्या खटल्यात निकाल दिला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरातली सात वर्षं, घरी बसवलेले महिने त्यात जोडता येणार नाहीत. निकाल वाचून टिली दिवाणखान्यात उभीच राहिली. तिची सात वर्षं तर केव्हाच संपली होती.

ती सुटली असं मला वाटलं. तिलाही वाटलं. सॅन दिएगोच्या एका नाटक कंपनीनं तिला विनोदी नाटकात घेतलं. नवऱ्याला लुबाडणारी, खोटं बोलणारी, खिडकीतून उड्या मारणारी बाई. तालमीत आम्ही पोट धरून हसत होतो. पहिल्या प्रयोगाला थिएटर गच्च. पडदा वर गेला, ती आली, पहिलं विनोदी वाक्य बोलली आणि सगळीकडे चिडीचूप. दुसरं वाक्य बोलली. कुणी खोकलंसुद्धा नाही. लोक भक्तिभावानं ऐकत होते. दुसऱ्या अंकात ती सोफ्यावरून उलटी पडली, कसं पडावं हे तिला जन्मापासून येत होतं, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हुंदका दिला. शेवटी सगळे उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजल्या. टिली रंगपटात आली, आरशासमोर बसली आणि म्हणाली, गाडी काढ.

आम्ही थेट लोन पाइनला गेलो. एमेट तबेल्यात एका घोडीच्या खुराला तेल लावत होता. टिली तिथं उभी राहून त्याला म्हणाली, “मी काम सोडलंय आणि मला स्वयंपाक येत नाही. लग्न करशील?” तो म्हणाला, “स्वयंपाक मला येतो.” त्याच आठवड्यात नेवाडात जाऊन एका न्यायाधीशासमोर त्यांनी लग्न केलं. साक्षीदार मी आणि न्यायाधीशाची बायको.

आता मात्र बातमी छापून आली. दोन-तीन दिवस जे काय वादळ उठलं ते विचारू नका. कुठल्याशा गावी तिचे फोटो जाळले. शिव्यांची पत्रं पोत्यांनी आली. टिली व्हरांड्यात बसून ती पत्रं वाचायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान की जणू कुणी पाठ खाजवून देतंय. एमेटही खूश. म्हणाला, बघ, शेवटी जमलं तुला.

मग व्हेल्मा प्राइननं तिच्या सदरात लिहिलं. तिला वाटलं असेल ती उपकार करते आहे. तिनं लिहिलं की जगाला ठाऊक नाही, क्लेअर मेरियमनं नाव, पैसा, कीर्ती सगळं सोडलं ते कशासाठी? एका पंगू, निराधार घोडेस्वाराची जन्मभर सेवा करण्यासाठी. पडद्यावर जे केलं तेच तिनं आयुष्यात करून दाखवलं.

तो पेपर एमेटनं वाचला. घडी घातली.

“म्हणजे आता मी तुझा महारोगी,” तो म्हणाला.

टिलीला हसू आलं आणि मग ती रडायला लागली आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. शिव्यांची पत्रं थांबली. फुलं यायला लागली. गावात एमेट लंगडत दुकानात शिरला की बायका त्याच्यासाठी दार धरून उभ्या राहायच्या आणि टिलीकडे पाहून सुस्कारा टाकायच्या. तो घोड्यावर बसायला लागला की कुणीतरी धावत येऊन रिकीब धरायचं. त्यानं हे किती सोसलं ते मी पाहिलंय. एकदा चिडून त्यानं एका माणसाला ठोसा मारला, तर तो माणूस नाक पुसत टिलीला म्हणाला, बाई, तुमच्या धीराची कमाल आहे.

तरी ती पंधरा-सोळा वर्षं बरी गेली. मी त्यांच्याकडेच राहायला गेले होते. घरात तरी कुणी संत नव्हतं. एमेट सकाळी उठून चूल पेटवायचा, बिस्किटं भाजायचा, टिलीचे कपडे धुवायचा. तिला पुढे पुढे कधीकधी दिवसेंदिवस अंथरुणातून उठवत नसे. भिंतीकडे तोंड करून पडायची, हात चादरीखाली दडवून. तेव्हा तो तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसायचा, खोगिरं शिवत, काहीबाही बोलत. चार-चार दिवस. ती उठून जेवायला येईपर्यंत. त्याच्या जागी दुसरा असता तर काय झालं असतं, मी त्याचा विचार करत नाही.

तो फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला, मार्च महिन्यात. मेथडिस्ट चर्च माणसांनी भरलं होतं, खूपशी बाहेरगावची, एमेटला कधी न पाहिलेली. पाद्री तरुण होते, चांगले होते. त्यांनी एमेटबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि मग वळले टिलीकडे. या स्त्रीनं आपलं सर्वस्व एका अपंगाच्या चरणी वाहिलं, वगैरे. मी टिलीच्या शेजारी बसले होते. मग ती उठली. पुढे गेली नाही, बाकाजवळच उभी राहिली आणि मागे वळली, लोकांकडे तोंड करून.

“मी त्याला सांभाळलं नाही,” ती म्हणाली. “त्यानं मला सांभाळलं. मला साधं अंडं उकडता येत नाही. मी चार-चार दिवस झोपून राहायची आणि तो माझे केस विंचरायचा. त्याचा पाय दुखायचा तेव्हा मी कधी चोळून दिला नाही, मला कंटाळा यायचा. तुम्ही त्याच्यासाठी आला असाल तर त्याच्याबद्दल नीट ऐका. तो भला माणूस होता आणि मी त्याला फार त्रास दिला. एवढंच.”

ती बसली. कुणी हललं नाही. माझ्या मनात आलं, झालं, अखेर ऐकलं यांनी. मग मागच्या रांगेतून कुणीतरी मुसमुसल्याचा आवाज आला, मग दुसरा, आणि पाद्री डोळे मिटून म्हणाले की अशी नम्रता आपल्या सर्वांना लाभो.

बाहेर पडताना बायकांनी तिला घेरलं. एकीनं तिचा हात धरला, सोडेचना. एकीनं नातवाला पुढे केलं. टिलीनं त्या मुलाकडे पाहिलं, त्याला नाव विचारलं, त्यानं ते सांगितलं, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सावकाश ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

घरी आलो तेव्हा शेजारणींनी हॅम आणि बटाट्याचं सॅलड आणून ठेवलं होतं. आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच थोडं खाल्लं. टिलीनं बूट काढून पाय खुर्चीवर घेतले.

“मी स्पष्ट बोलले ना, बोर्गी?” तिनं विचारलं. “जडबिड शब्द वापरले नाहीत ना?”

“अगदी स्पष्ट बोललीस,” मी म्हणाले.

मी तिच्यासमोरची ताटली उचलली आणि कॉफीचं पाणी ठेवलं. एमेट कॉफी नेहमी कडक करायचा, मला तेवढी जमली नाही, पण तिनं ती संपवली.